छतावरचा सैल झालेला दिवा घरी सुरक्षितपणे कसा बसवावा?

छतावरचा दिवा एका बाजूने खाली झुकलेला दिसतो. पंखा लावला की तो किंचित थरथरतो किंवा दाराचा धक्का बसला की लुकलुकतो. अनेक घरांत असा दिवा महिनोन्‌महिने तसाच राहतो. दिवाळीच्या साफसफाईत जळमटे काढताना झाडूचा दांडा लागतो आणि मग तो तारेवर लोंबकळू लागतो. त्यानंतर दुरुस्तीची घाई सुरू होते.

सैल दिवा बसवणे हे बहुतेक वेळा फार अवघड काम नसते. मात्र या कामात दोन धोके एकत्र येतात. एक म्हणजे विजेचा धक्का आणि दुसरा म्हणजे उंचीवरून पडणे. हलकासा झटका बसला तरी हात दचकून मागे येतो आणि शिडीवरचा तोल जातो. त्यामुळे काम पाच मिनिटांचे असले तरी त्याची तयारी नीट करावी लागते. दिवा का सैल होतो, कोणते काम घरी करता येते, कोणत्या वेळी वायरमनलाच बोलवावे आणि प्रत्यक्ष दुरुस्ती कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

दिवा सैल होणे म्हणजे नेमके काय?

‘दिवा सैल झाला’ असे म्हटले तरी त्यात तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात.

१. दिव्याचा आधार सैल होणे. छतात बसवलेला स्क्रू, गिट्टी, पट्टी किंवा स्प्रिंगची क्लिप सुटलेली असते. दिवा हलतो, पण प्रकाश बहुधा नीट पडतो.

२. बल्ब होल्डरमध्ये सैल बसणे. दिव्याचा सांगाडा घट्ट असतो, पण होल्डरच्या आतल्या पिनांची स्प्रिंग दबलेली असते. बल्ब हलवला की उजेड जातो-येतो.

३. तारेचा जोड सैल होणे. होल्डरच्या किंवा कनेक्टरच्या स्क्रूखालची तार ढिली झालेली असते. दिवा लुकलुकतो, बारीक चरचर आवाज येतो, कधी जळका वास येतो.

यातला तिसरा प्रकार सर्वांत धोकादायक असतो. जोड सैल असला की त्या ठिकाणी विजेला अडथळा होतो, तिथे उष्णता निर्माण होते आणि बारीक ठिणग्या पडतात. तारेवरचे आवरण हळूहळू करपते. घरातला एमसीबी शॉर्टसर्किट झाल्यावर किंवा क्षमतेपेक्षा जास्त विजेचा प्रवाह वाहू लागल्यावर पडतो. सैल जोडात यांपैकी काहीच होत नसते. त्यामुळे जोड तापत राहिला तरी एमसीबी पडेलच असे नाही. दिवा नुसता हलत असेल तर दुरुस्तीला एखाद-दुसरा दिवस लागला तरी चालते. पण तो चरचरत असेल किंवा वास येत असेल तर त्याच क्षणी बटण बंद करून तो वापरणे थांबवावे.

छतावरच्या दिव्यांचे नेहमीचे प्रकार

दुरुस्तीची पद्धत दिवा कसा बसवला आहे यावर ठरते.

जुन्या घरांत छताला लाकडी किंवा प्लास्टिकचा गोल ठोकळा असतो आणि त्यावर बॅटन होल्डर बसवलेला असतो. ट्यूबलाइट किंवा एलईडी बॅटनची लांब पट्टी दोन स्क्रूंवर अडकवलेली असते. काचेच्या घुमटाच्या दिव्यात धातूची तबकडी छताला लावतात आणि काच तीन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. छताच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या एलईडी पॅनेलमागे एक धातूची पट्टी असते. ती आधी छताला लावून त्यावर पॅनेल दाबून किंवा फिरवून अडकवतात. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसणाऱ्या पॅनेलला दोन बाजूंना स्प्रिंगच्या क्लिपा असतात. झुंबर किंवा लटकता दिवा मात्र स्लॅबमधल्या लोखंडी हुकावर टांगलेला असतो.

दिवा का सैल होतो?

भिंतीवरच्या फोटोचा भार खिळ्यावर आडवा पडतो. छतावरच्या दिव्याचा भार मात्र स्क्रूला सरळ खाली, म्हणजे बाहेर येण्याच्या दिशेने ओढतो. प्लास्टिकची गिट्टी फक्त भोकाच्या कडांवर घट्ट दाबून बसल्यामुळे टिकते. भोक थोडे मोठे पडले असेल, ते नुसत्या प्लास्टरमध्येच असेल किंवा आत धूळ राहिली असेल, तर ती पकड हळूहळू सुटते. भिंतीत वर्षानुवर्षे टिकलेली गिट्टी छतात टिकेलच असे नाही, याचे कारण हेच आहे.

याशिवाय पंख्याच्या कंपनाने स्क्रू थोडे थोडे उलट फिरतात. जुन्या ६० किंवा १०० वॉटच्या बल्बच्या उष्णतेने बॅकेलाइटचा होल्डर ठिसूळ होऊन त्याला तडे जातात. लाकडी ठोकळ्याला वाळवी लागते किंवा तो पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर किंवा गच्ची गळत असेल तर स्लॅबचे प्लास्टर फुगून सुटते आणि त्याबरोबर दिव्याचा आधारही सुटतो.

घरी काय करावे आणि काय करू नये?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावे लागते. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांसारख्या वस्तू बदलण्याच्या, मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ कामांना यातून सूट आहे. म्हणजे आहे त्या जागी दिवा घट्ट करणे किंवा होल्डर बदलणे घरी करता येते. नवी तार ओढणे, नवा पॉइंट काढणे, वितरण पेटीत बदल करणे ही कामे मात्र परवानाधारकाचीच आहेत.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर काम तिथेच थांबवून वायरमनला बोलवावे.

• दिव्याभोवती ओल, पाण्याचा डाग किंवा थेंब दिसणे.
• तारेचे आवरण करपलेले, कडक झालेले किंवा बोट लावताच भुगा होऊन पडणारे असणे. जुन्या चाळी-वाड्यांतल्या लाकडी पट्टीवरच्या रबरी वायरिंगमध्ये हे हमखास आढळते.
• तारा ॲल्युमिनियमच्या असणे. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते एकमेकांना पिळून जोडले तर जोड गंजतो आणि तापतो.
• मेन बंद केल्यावरही टेस्टर पेटणे.
• दिव्याच्या धातूच्या भागाला पूर्वी कधी झिणझिण्या आल्या असणे.
• स्लॅबचे प्लास्टर पोकळ वाजणे, आतल्या गंजलेल्या सळया दिसणे. हा प्रश्न विजेचा नसून इमारतीचा असतो. तो आधी गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावा.
• झुंबर किंवा एकट्याला एका हाताने सहज पेलणार नाही असा जड दिवा असणे.

वीज बंद करणे: फक्त बटण पुरेसे नाही

घरातली वीज २३० व्होल्टची असते. दिव्याचे बटण बंद केले की वीज बंद झाली, असे समजणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे. नियमाप्रमाणे बटण फेजच्या तारेवर असायला हवे. पण अनेक घरांत ते चुकून न्यूट्रलवर लावलेले आढळते. अशा ठिकाणी बटण बंद केले की दिवा विझतो, परंतु होल्डरपर्यंत फेज चालूच राहतो. बटण बंद असतानाही एलईडी बल्ब मंद मिणमिणत असेल तर ते याचे एक लक्षण असू शकते.

म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. वितरण पेटीतला त्या खोलीचा एमसीबी खाली करावा आणि मेन स्विचही बंद करावा. एमसीबी बहुधा फक्त फेज तोडतो. दोन खांबांचा मेन स्विच मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. त्यामुळे मेन बंद करणे अधिक सुरक्षित असते. जुन्या घरात फ्यूज असेल तर मेन बंद केल्यावर फ्यूजची कडी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी.

२. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टरला वाटते की वीज गेली आणि तो बॅटरीवरून दिव्यांना वीजपुरवठा सुरू करतो. ती वीजही २३० व्होल्टच्या आसपासचीच असते. खोलीतले दिवे इन्व्हर्टरवर असतील तर मेन बंद करूनही ते चालूच राहतात. इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करावा आणि त्याच्यातून दिव्यांकडे जाणारा पुरवठाही तोडावा. तो कसा तोडायचा हे माहीत नसेल तर वायरमनकडून एकदा समजून घ्यावे. गच्चीवरची सौर यंत्रणा बॅटरीला जोडलेली असेल तर तिलाही हेच लागू होते.

३. पेटीवर ‘काम चालू आहे, मेन चालू करू नये’ असा कागद चिकटवावा आणि घरातल्या सगळ्यांना तसे सांगावे. पंखा का बंद झाला म्हणून कोणी सहज जाऊन मेन वर करते आणि त्यातून अपघात होतात.

४. दिव्याचे बटण चालू-बंद करून तो पेटत नाही ना हे पाहावे. नंतर टेस्टरने खात्री करावी.

टेस्टर कसा वापरावा?

घराघरांत असणारा निऑनचा टेस्टर उपयोगी असला तरी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्यातला छोटा दिवा पेटण्यासाठी शरीरातून जमिनीकडे अगदी सूक्ष्म प्रवाह जावा लागतो. रबरी चपला घालून कोरड्या लाकडी शिडीवर उभे राहिले तर तो फार मंद पेटतो. भर उजेडात तो पेटलेला दिसतही नाही. शिवाय आतला निऑन खराब झाला असेल तर टेस्टर पेटणारच नाही आणि वीज नाही असा समज होईल.

म्हणून मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का ते पाहावे. मग मेन बंद करून दिव्याच्या प्रत्येक तारेला, होल्डरच्या प्रत्येक टोकाला आणि धातूच्या सांगाड्याला तो लावावा. फेजला, न्यूट्रलला आणि अर्थलाही लावावा. कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असेल तर त्या तारेतही वीज येऊ शकते. मल्टीमीटर वापरता येत असेल तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे दोन्ही व्होल्टेज मोजणे अधिक खात्रीचे असते.

आरसीसीबी म्हणजे काय आणि तो का हवा?

दिव्यांचा एमसीबी साधारणपणे ६ अँपिअरचा असतो. ६ अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या जिवावर बेतायला मात्र काही दहा मिलिअँपिअर एवढा प्रवाहही पुरतो. म्हणजे माणसाला धक्का बसत असताना एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचे काम तारा वाचवण्याचे असते. माणूस वाचवण्यासाठी आरसीसीबी असतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत पाहतो. घरगुती वापराचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर तो बदलून घ्यावा. आरसीसीबी असला तरी काम करताना मेन बंद करावाच लागतो. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर आरसीसीबीला फरक जाणवत नाही.

शिडी आणि उभे राहण्याची जागा

प्लास्टिकची खुर्ची, फिरती खुर्ची, पलंगावर ठेवलेले स्टूल यांच्यावर उभे राहून छताचे काम करू नये. चारही पाय जमिनीला टेकलेला लाकडी किंवा फायबरचा घोडा सर्वांत चांगला. ॲल्युमिनियमच्या शिडीतून वीज वाहते, त्यामुळे ती शक्यतो टाळावी. घोड्याची साखळी किंवा कडी पूर्ण ताणलेली असावी. सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहू नये. दिवा डोक्याच्या थोडा पुढे यावा अशा बेताने घोडा ठेवावा. मान पूर्ण मागे टाकून काम केले की चक्कर येते.

खाली एक मोठा माणूस हवाच. तो घोडा धरतो, सामान वर देतो आणि काही झाले तर मेनकडे किंवा फोनकडे धावू शकतो. काम दिवसा करावे. मेन बंद असल्याने खोलीत अंधार असतो, म्हणून डोक्याला लावायची विजेरी असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. पंखा जवळ असेल तर त्याची पाती थांबली आहेत हे पाहावे. हात आणि कपडे कोरडे असावेत, अंगठी-घड्याळ काढून ठेवावे. छतातून पडणाऱ्या धुळीसाठी चष्मा लावावा.

लागणारे साहित्य

टेस्टर, आवरण असलेल्या दांड्याचे लहान-मोठे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, तार सोलण्याचे कटर, इन्सुलेशन टेप, कनेक्टर पट्टी, नवे स्क्रू आणि गिट्ट्या, गरज असेल तर ड्रिल, आणि आयएसआय खुणेचा नवा होल्डर. जुना दिवा उघडण्याआधी मोबाइलवर त्याचा आणि तारांच्या जोडणीचा फोटो काढून ठेवावा.

दुरुस्ती कशी करावी?

नुसता स्क्रू ढिला असेल तर. दिवा एका हाताने वर दाबून धरावा आणि स्क्रू घट्ट करावा. स्क्रू फिरत फिरत शेवटी अडला तर काम झाले. तो नुसताच गरगर फिरत राहिला तर गिट्टीची पकड गेली आहे असे समजावे. अशा वेळी भोकात काडेपेटीची काडी किंवा कागद कोंबण्याची पद्धत सर्रास दिसते. छताच्या दिव्यासाठी तिचा उपयोग नाही, कारण काडी दबून आकसली की दिवा पुन्हा सुटतो.

गिट्टी बदलणे. दिवा खाली उतरवून ठेवावा. त्यासाठी तारा सोडवाव्या लागतात. दिवा तारेवर लटकत ठेवू नये. जुनी गिट्टी पकडीने ओढून काढावी आणि भोकातली धूळ झटकावी. ६ मिलिमीटरची गिट्टी सैल झाली असेल तर तेच भोक ८ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठे करून ८ मिलिमीटरची गिट्टी आणि तिला जुळणारा जाड स्क्रू लावावा. भोकाची खोली गिट्टीच्या लांबीपेक्षा किंचित जास्त असावी. ड्रिलच्या पात्याला तेवढ्या अंतरावर टेपची खूण करावी. गिट्टी प्लास्टर ओलांडून स्लॅबच्या काँक्रीटमध्ये जायला हवी.

नवे भोक पाडायचे झाल्यास सावध राहावे. काँक्रीटच्या घरांत तारांचे पाइप स्लॅबच्या आतूनच जातात. दिव्याच्या पेटीतून पाइप ज्या दिशेने आत गेलेला दिसतो, त्या रेषेत भोक पाडू नये. पाते सळईला लागून अडले तर जोर न करता भोक थोडे बाजूला घ्यावे. ड्रिलला वीज लागत असल्याने मेन चालू करावा लागतो. म्हणून सोडवलेल्या प्रत्येक तारेचे टोक आधी कनेक्टरमध्ये किंवा टेपने पूर्ण झाकावे आणि त्या दिव्याचा एमसीबी खालीच ठेवावा. बॅटरीवर चालणारे ड्रिल असेल तर हा प्रश्नच येत नाही.

ठोकळा आणि होल्डर. बॅटन होल्डरचे झाकण फिरवून काढले की आतले दोन स्क्रू दिसतात. ठोकळा छताला घट्ट आहे पण होल्डर हलतो, असे असेल तर हे स्क्रू आवळावेत. ठोकळाच हलत असेल तर होल्डर काढून ठोकळ्याचा मधला स्क्रू पाहावा. ठोकळा कुजलेला किंवा चिरलेला असेल तर तो बदलणेच योग्य. होल्डरला तडा असेल, तो काळा पडला असेल किंवा पिना दाबल्यावर परत उसळत नसतील तर नवा होल्डर लावावा. पिना चाकूने वर ओढण्याचा प्रयत्न करू नये.

काचेचा घुमट. काच धरणारे तीन स्क्रू बोटांनीच आवळावेत, तेही एकेक करून थोडे थोडे. पक्कड लावून आवळले तर काच तडकते. ती लगेच पडली नाही तरी नंतर उष्णतेने फुटू शकते. काच काढताना खालच्या माणसाने ती हातात घ्यावी.

पृष्ठभागावरचे एलईडी पॅनेल. पॅनेल किंचित फिरवून किंवा क्लिप दाबून खाली येते. त्याला बहुधा एक छोटा दोन पिनांचा जोड असतो. तो सोडवून पॅनेल बाजूला ठेवावे आणि छतावरच्या पट्टीचे स्क्रू तपासावेत. पट्टी वाकली असेल तर पॅनेल कधीच नीट बसत नाही. ती सरळ करावी किंवा बदलावी. पॅनेलसोबतचा ड्रायव्हर त्याच पॅनेलसाठी असतो. दुसऱ्या पॅनेलचा ड्रायव्हर जोडू नये.

फॉल्स सीलिंगमधले पॅनेल. दोन्ही क्लिपा बोटांनी वर दाबून पॅनेल खाली घ्यावे. या स्प्रिंगा जोरात आपटतात, बोट सांभाळावे. स्प्रिंग मरगळली असेल तर ती बदलावी. भोकाची कड तुटून भोक मोठे झाले असेल तर नुसते पॅनेल पुन्हा दाबून बसवल्याने ते टिकत नाही. पीओपीवाल्याकडून भोक दुरुस्त करून घ्यावे किंवा थोड्या मोठ्या मापाचे पॅनेल बसवावे. जिप्समच्या फळीत साधी गिट्टी धरत नाही. हलक्या दिव्यासाठी फळीच्या वर उघडणारे स्प्रिंगचे टॉगल मिळतात. जड दिव्याचा भार मात्र फळीवर न टाकता स्लॅबवर घ्यावा लागतो. त्यासाठी लोखंडी अँकर फास्टनर वापरतात आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

तारा पुन्हा जोडताना

जुन्या पद्धतीच्या एक-फेज घरांत लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची असते. तीन फेजच्या जोडणीत लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही तारा फेजच्या असतात. अनेक तयार दिव्यांत मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी पट्टेरी अर्थची असते. म्हणजे दिव्यातली निळी तार न्यूट्रल असते, तर छतातून आलेली निळी तार फेज असू शकते. रंगाला रंग जुळवून जोडल्यास इथे घात होतो. त्यातच घरोघरी उरलेल्या तारा मिळेल त्या रंगात वापरलेल्या असतात. म्हणून रंगावर न जाता आधी काढलेला फोटो पाहावा. तरीही शंका असेल तर वायरमनकडून तपासून घ्यावे.

तारेचे टोक कनेक्टरमध्ये जेवढे जाते तेवढेच, साधारण ८ ते १० मिलिमीटर सोलावे. बारीक तंतूंची तार असेल तर तंतू पिळून एकत्र करावेत. एकही तंतू बाहेर राहू नये. तार स्क्रूखाली घालून आवळावी आणि हलकेच ओढून पाहावी. ती सुटून आली तर जोड पक्का नव्हता. दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणे टाळावे. टेपचा गोंद उष्णतेने सुटतो. धातूच्या दिव्याला अर्थची तार जोडलीच पाहिजे. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी आवरण असते आणि अर्थची गरज नसते.

शेवटी तारा आत नीट बसवाव्यात. सांगाड्याच्या कडेखाली किंवा स्क्रूखाली तार चेपली जाऊ नये. दिव्याचे वजन तारेवर न येता स्क्रूवरच यायला हवे.

वीज सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

दिवा हाताने हलकेच खाली ओढून आणि थोडा फिरवून पाहावा. तो हलता कामा नये. सगळे सामान उतरवावे, घोडा बाजूला घ्यावा आणि मगच मेन, एमसीबी व इन्व्हर्टर चालू करावा. दिवा लावताना कोणीही त्याच्याखाली उभे राहू नये. एमसीबी किंवा आरसीसीबी पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. तार कुठेतरी चेपली आहे किंवा जोड चुकला आहे असे समजून वायरमनला बोलवावे.

दिवा अर्धा तास चालू ठेवून लुकलुकतो का, आवाज वा वास येतो का हे पाहावे. पंखा पूर्ण वेगाने लावून दिवा थरथरतो का तेही तपासावे. आठवड्याभराने पुन्हा एकदा नजर टाकावी.

धक्का बसल्यास काय करावे?

विजेला चिकटलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने तार दूर करावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा आपत्कालीन मदतीसाठी ११२ या क्रमांकावर फोन करावा. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. उंचावरून पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला उगाच हलवू नये. जोराचा धक्का बसलेला माणूस नंतर बरा दिसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यावे, कारण हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम बाहेरून दिसत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भाड्याच्या घरात ही दुरुस्ती कोणी करावी? स्क्रू आवळणे किंवा बल्ब बदलणे भाडेकरू करू शकतो. गळती, जुनी वायरिंग किंवा छतात नवे भोक पाडणे असेल तर घरमालकाला आधी कळवावे.

पंख्याच्या हुकावर झुंबर टांगता येते का? हुक स्लॅबच्या सळईत अडकवलेला आणि न गंजलेला असेल तर पंख्याएवढ्या वजनाचा दिवा तो पेलू शकतो. पण हुकाची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी.

ओला डाग आहे, पण दिवा चालतो. वापरावा का? वापरू नये. एमसीबी बंद ठेवून आधी गळती थांबवावी. स्लॅब पूर्ण वाळल्यावर आणि वायरमनने तपासल्यावरच दिवा चालू करावा.

सैल दिवा तात्पुरता टेपने चिकटवला तर? टेप किंवा दोरी दिव्याचे वजन धरत नाही आणि आतला बिघाड झाकला जातो. लगेच दुरुस्ती होणार नसेल तर एमसीबी बंद करून दिवा उतरवावा, तारांची टोके कनेक्टरमध्ये झाकावीत आणि तोवर टेबलावरचा दिवा वापरावा.